‘कुणी काही हिरावलं नाही’ म्हणे!

सध्या एक मजकूर जो तो पुढे ढकलतोय. सार असं : गरिबी हे दुर्दैव, अन्याय नव्हे. गरिबाचं कुणी काही हिरावलेलं नाही, म्हणून मदत ही दया. तिला हक्क म्हणणं म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं. आणि मान? तो कमवावा लागतो!

आधी दुर्दैव. 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा हिशेब अमर्त्य सेन यांनी 1981 मध्ये मांडला. त्यांच्या आकड्यांनुसार त्या वर्षी धान्य 1941 पेक्षा जास्तच होतं. भाव भडकले, शेतमजुराची मजुरी मागे राहिली, आणि बाजारात धान्य असून लाखो माणसं मेली. भाव, मजुरी, मालकी यांचे नियम काही आभाळातून पडत नाहीत. तत्त्वज्ञ थॉमस पोगे तर म्हणतात की, टाळता येण्याजोगी गरिबी निपजवणारे नियम लादणं हीच इजा; मदत केली की नाही हा प्रश्न त्यानंतरचा.

खिशाचं म्हणाल, तर चोरीपासून संरक्षण मिळण्याचा हक्क या मंडळींना मान्यच असतो. पोलिस आणि कोर्टं फुकट चालतात का? मग पोटाच्या हक्कालाच खर्चिक का म्हणायचं? अमेरिकन तत्त्वज्ञ हेन्री शू यांनी 1980 मध्येच हे दाखवून दिलं. दयेबद्दल जर्मन तत्त्वज्ञ कांटने 1797 मध्ये विचारलेला प्रश्न अजून बोचतो : अन्यायामुळे काहींच्या पदरी जास्त पडलं म्हणूनच त्यांना दान करता येत असेल, तर त्याला औदार्य म्हणायचं का?

मानाचा मुद्दा मात्र सगळ्यात फसवा आहे. कौतुक कमवावं लागतं, कबूल. पण बरोबरीचा माणूस म्हणून वागवलं जाणं ही बक्षिसी नव्हे. जर्मन तत्त्वज्ञ अॅक्सेल होनेथ या दोन गोष्टी वेगळ्या काढतात. मजकूर त्यांची सरमिसळ करतो. मदतीच्या खिडकीवर उभं राहून पाहा. दाखला आणलात का, घरात कमावतं कोण, हातात मोबाईल कसा काय? सगळं मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात. बरे कपडे घातले तर संशय, फाटके घातले तर तुच्छता. अंगात बरा सदरा नसेल तर मजुराला चारचौघांत यायची लाज वाटते, हे अर्थतज्ज्ञ अॅडम स्मिथने 1776 मध्येच नोंदवलं होतं, आणि तो काही गरिबांचा पुढारी नव्हता.

म्हणून नुसता मान देऊन भागेल असंही नाही. अमेरिकन तत्त्वज्ञ नॅन्सी फ्रेझर यांचा होनेथशी वाद इथेच आहे, आणि मला फ्रेझर जास्त पटतात : वाटप आणि मान, एकाची उधारी दुसऱ्याने फिटत नाही. खिडकीतून पैसे मिळतात, पण सोबत ‘फुकटे’ हा शिक्काही मिळतो. आणि तो शिक्का पुसायला मजुरी वाढलेली नसते.