मनःस्थितीही परिस्थितीतूनच घडते

‘परिस्थिती नव्हे, मनःस्थिती माणसाला घडवते’ अशा मथळ्याचा एक मजकूर निरनिराळ्या रूपांत सतत फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा : ज्यांच्या अंगी संयम असतो ते पुढे जातात, आपण कोण हे आपणच ठरवतो, जग ठरवत नाही, शून्यातून वर आलेली माणसे डोळ्यांसमोर असताना समाजाला दोष देणे ही पळवाट आहे, आणि कोणत्या क्षेत्रात कोण दिसते हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न आहे. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू बहुधा चांगलाच असतो, खचलेल्याला उभारी मिळावी एवढाच. पण जो मागे राहिला त्याच्याच माथी त्याच्या मागासलेपणाचे खापर फोडण्याचे कामही हा मजकूर करतो, म्हणून त्यातला एकेक मुद्दा तपासून पाहणे मला आवश्यक वाटते.

संयमाच्या मुद्द्यासाठी नेहमी मार्शमेलोच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ वॉल्टर मिशेल यांनी 1960 आणि 1970 च्या दशकांत लहान मुलांसमोर मार्शमेलो ही मऊ मिठाई किंवा तसाच एक गोड पदार्थ ठेवला आणि थोडा वेळ थांबलास तर दोन मिळतील, असे सांगितले. जी मुले जास्त वेळ थांबू शकली ती पुढे अभ्यासात सरस ठरल्याचे दिसले आणि त्यावरून संयम हाच यशाचा पाया, असा निष्कर्ष जगभर पसरला. मात्र ही मुले विद्यापीठाच्याच आवारातील बालशाळेत जाणारी, म्हणजे बहुतांशी सुस्थित आणि सुशिक्षित घरांतली होती, हे सहसा सांगितले जात नाही. 2018 मध्ये टायलर वॉट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊशेहून अधिक, आणि आर्थिकदृष्ट्या कितीतरी अधिक विविध स्तरांतल्या मुलांची माहिती तपासली, तेव्हा थांबण्याचा आणि पुढच्या गुणवत्तेचा संबंध मूळ निष्कर्षाच्या सुमारे निम्मा निघाला. घरची परिस्थिती आणि मुलाची आधीची बौद्धिक तयारी हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा भाग गळून पडला.

त्याहून बोलका प्रयोग अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठातला आहे. सेलेस्ट किड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या 28 मुलांना चित्र काढायला बसवले. समोर वापरलेले, जुने खडू होते. जरा थांबलास तर याहून छान सामान आणून देते, असे सांगून प्रयोग घेणाऱ्या बाई बाहेर गेल्या. निम्म्या मुलांसाठी त्या खरोखरच नवे सामान घेऊन परतल्या. उरलेल्यांकडे रिकाम्या हातांनी परत येऊन, माफ कर, माझी चूक झाली, ते सामान शिल्लकच नाही, असे म्हणाल्या. मग चांगले स्टिकर आणून देण्याच्या आश्वासनाचेही दोन्ही गटांत असेच झाले. त्यानंतर मार्शमेलोची पाळी आली. जिच्याकडून दोनदा शब्द पाळला गेला होता तिच्या भरवशावर मुले सरासरी बारा मिनिटे थांबली आणि चौदांपैकी नऊ जणांनी पंधरा मिनिटांची पूर्ण मुदत काढली. ज्यांच्या वाट्याला दोनदा रिकामे हात आले होते ती मुले सरासरी तीनच मिनिटे थांबली आणि मुदत काढणारे त्यांच्यात एकच निघाले. कोणत्या मुलाला कोणत्या गटात घालायचे हे स्वभाव पाहून ठरवलेले नव्हते. काही मिनिटांच्या अनुभवाने जर एवढा फरक पडत असेल, तर ज्या घरात आज दिलेला शब्द उद्या परिस्थितीमुळे मोडावाच लागतो, तिथे वर्षानुवर्षे वाढलेल्या मुलाने हाती आलेले आधी पदरात पाडून घेणे याला मी तरी स्वभावदोष म्हणणार नाही. त्या मुलाने आपले जग बरोबर ओळखलेले असते.

‘आपण कोण हे आपणच ठरवतो’ हा दुसरा मुद्दा ऐकायला उदात्त आहे, पण ओळख ही आपण सांगणे आणि इतरांनी मानणे या दोन्हींतून बनते. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातील ग्रामीण भागात उच्च जातींतील 321 आणि दलित समाजातील 321 शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह, म्हणजे वाट शोधण्याची कोडी, सोडवायला दिले. जात उघड केली नव्हती तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत लक्षणीय अंतर नव्हते. सर्वांसमक्ष प्रत्येकाचे नाव आणि जात वाचून दाखवल्यावर मात्र दलित मुलांची कामगिरी खालावली. मुले त्याच गावांतली, तशाच बुद्धीची आणि कोडीही तीच. खोलीत आलेली नवी गोष्ट एकच, इतरांच्या डोळ्यांदेखत लागलेला शिक्का.

आता कोणी म्हणेल की मन खंबीर असेल तर शिक्क्याची पर्वा करू नये. पण शिक्का वाचणारा समोरचा असतो आणि निर्णयाचा अधिकारही त्याच्याकडेच असतो. मारियान बर्ट्रांड आणि सेंधिल मुल्लैनाथन या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतील बॉस्टन आणि शिकागो येथील नोकऱ्यांच्या जाहिरातींना सुमारे 5000 बनावट अर्ज पाठवले आणि त्यांवर गोऱ्या किंवा कृष्णवर्णीय वाटणारी नावे यदृच्छया टाकली. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात गोऱ्या नावाला साधारण दहा अर्जांमागे एक बोलावणे आले, तर कृष्णवर्णीय नावाला त्यासाठी पंधरा अर्ज करावे लागले. मला याहून महत्त्वाचे वाटते ते पुढचे निरीक्षण : अनुभव आणि कौशल्ये वाढवून अर्ज अधिक भक्कम केला, तेव्हा गोऱ्या नावांची बोलावणी जवळपास 30 टक्क्यांनी वाढली, कृष्णवर्णीय नावांना मात्र त्याचा लाभ बराच कमी झाला. म्हणजे दरवाजा अरुंद असतो एवढ्यावर विषमता थांबत नाही; तेवढ्याच मेहनतीचे फळही ती कमी करते. ‘अजून थोडे कष्ट कर’ हा सल्ला देणाऱ्याने एवढे तरी लक्षात घ्यावे.

शून्यातून वर आलेल्यांच्या कथा खऱ्या असतात आणि त्यांच्या जिद्दीबद्दल मला आदर आहे. पण अपवाद घडला यावरून वाट सर्वांना मोकळी आहे, हे सिद्ध होत नाही. ओईसीडी या मुख्यतः विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या 2018 च्या अहवालानुसार, तळाच्या दहा टक्क्यांतल्या कुटुंबाला देशाच्या सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला डेन्मार्कमध्ये सुमारे दोन पिढ्या लागतात, कोलंबियात अकरा. जिद्दीचे प्रमाण देशादेशांत इतके बदलत नाही. शाळा, आरोग्यसेवा, कर आणि वेतनाचे नियम बदलतात. कारण शोधणे म्हणजे पळवाट काढणेही नव्हे, कारण नेमके कळले तरच ते दूर करता येते.

राहिला आवडीचा मुद्दा. ‘मुलींना संगणकात रस कमी असतो’ हे त्याचे नेहमीचे उदाहरण. एनियाक या सुरुवातीच्या संगणकाचे प्रोग्रॅम लिहिणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या आणि 1984 च्या सुमारास अमेरिकेत संगणकशास्त्राच्या पदवीधरांत स्त्रिया 37 टक्क्यांच्या आसपास होत्या. पुढे घरगुती संगणक मुलग्यांचे खेळणे म्हणून विकला गेला, बहुधा मुलग्याच्याच खोलीत ठेवला गेला, आणि कॉलेजात आधीपासून सराव असलेल्यांनाच वर्ग आपला वाटू लागला. स्त्रियांचे प्रमाण घसरत 18 टक्क्यांपर्यंत आले. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठात जेन मार्गोलिस आणि ॲलन फिशर यांनी विद्यार्थिनींशी वर्षानुवर्षे बोलून हे नोंदवले. त्यानंतर तिथे प्रवेशासाठी पूर्वसरावाला दिले जाणारे वजन कमी झाले आणि नवशिक्यांसाठी प्राथमिक अभ्यासक्रमाची वेगळी वाट आखली गेली. 1995 मध्ये तिथे संगणकशास्त्राला प्रवेश घेणाऱ्यांत मुली 7 टक्के होत्या; 2000 मध्ये त्या 42 टक्के झाल्या.