‘६ वॉट सांगून ३३ वॉटचं मशीन गळ्यात मारलं’ या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानातर्फे उत्तर

नमस्कार. तुमचा रिव्ह्यू वाचला. घरी असा सर्व्हर बसवायच्या विचारात असलेले बरेच जण तो वाचतील, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतोय.

ज्यांनी मूळ रिव्ह्यू वाचलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. फोटो, जुन्या कॅसेटवरून उतरवून घेतलेल्या मैफली आणि घराच्या चार कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग एका जागी ठेवायला यांनी आमच्याकडून छोटा सर्व्हर असेंबल करून घेतला. तक्रारी अशा: प्रोसेसर ६ वॉटचा सांगितला आणि मीटरवर ३३ वॉट दिसतात. डिस्क झोपतच नाहीत, म्हणजे फिरायच्या थांबतच नाहीत. घरच्या दोन चांगल्या डिस्क आम्ही नाकारल्या. ६० वॉटच्या अडाप्टरवर भागलं असतं तिथे एसएमपीएस, म्हणजे पीसीत असतो तो पॉवर सप्लाय, लावला. कॉपीचा वेग सेकंदाला ११२ एमबीच्या वर जात नाही. आणि शेवटी, ‘यापेक्षा ऑफिसमधून निघालेला जुना पीसी बरा होता.’

तुमचं मीटर बरोबर आहे. मशीन दुकानातून निघालं तेव्हा आमच्या मीटरवरही तेवढेच आले होते आणि बिलाच्या मागे ते लिहून दिलेत. ६ वॉट हा आकडा इंटेलच्या एन१०० या चिपचा. २०२३ साली आलेली ही चार कोअरची चिप घरच्या साठवणीला पुरून उरते, पण तो आकडा भिंतीतल्या सॉकेटवरचा नव्हे, आणि चिपसुद्धा कामाला लागली की थोडा वेळ त्याच्या वर जाते. सॉकेटवरचा हिशोब वेगळा लागतो. साडेतीन इंची डिस्क नुसती फिरत असली तरी साधारण साडेचार वॉट खाते. तुमच्या चार आहेत, म्हणजे १८ गेले. बोर्ड, रॅम, मशीन जिच्यावरून सुरू होतं ती एसएसडी आणि डिस्क जोडायचं साटा कार्ड मिळून दहाएक. उरलेले पंख्याला आणि एसएमपीएसमध्ये उष्णता होऊन जातात.

म्हणजे निम्म्याहून जास्त वीज डिस्कच खातात. कमी विजेचा सर्व्हर म्हटलं की लोक प्रोसेसरवर महिना महिना खल करतात आणि डिस्क मात्र ज्या दिवशी सेलमध्ये दिसतील त्या उचलतात. डिस्क ४ टीबीची असो की १२ टीबीची, फिरायला वीज जवळपास सारखीच लागते. म्हणून कोटेशनमध्ये पहिला पर्याय १२ टीबीच्या दोन डिस्कचा होता, एकीची दुसरीवर हुबेहूब प्रत. तुम्ही दुसरा घेतला: ४ टीबीच्या चार, त्यातली एका डिस्कची जागा सुरक्षेसाठी, म्हणजे एक डिस्क गेली तरी डेटा राहतो. वापरायला जागा दोन्हीकडे १२ टीबीच. दुसरा त्या दिवशी स्वस्त पडत होता आणि तो निवडण्यात गैर काही नाही. पण दोन जादा डिस्कचे नऊ वॉट चोवीस तास म्हणजे वर्षाला ऐंशीच्या आसपास युनिट, ते तिथे आले.

आता डिस्क झोपत का नाहीत. चारही कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग तुम्ही त्याच चार डिस्कवर लावलंय. कॅमेरे दिवसरात्र लिहीत राहतात, मग डिस्क झोपणार कधी? पंधरा दिवसांनी आपोआप पुसलं जाणारं रेकॉर्डिंग चार डिस्कच्या सुरक्षेत ठेवायची गरजही नसते. त्याला एक वेगळी डिस्क द्यायची.

इथेच तुमच्या जुन्या दोन डिस्कचा विषय येतो. ‘नव्या विकायच्या म्हणून नाकारल्या’ असं तुम्ही लिहिलंय. त्या डिस्क उत्तम आहेत, फक्त एसएमआर प्रकारच्या आहेत. त्यांत डेटाचे पट्टे कौलांसारखे एकावर एक चढवलेले असतात. मधलं एक कौल बदलायचं तर पुढची ओळ उचलावी लागते, तसं थोडंसं काही बदलायलाही डिस्कला शेजारचं बरंच पुन्हा लिहावं लागतं. एकटी असताना हे जाणवत नाही. पण चारांच्या संचात एक डिस्क गेली आणि तिच्या जागी ही बसवली की सगळा डेटा नव्याने उभा करताना ती इतकी रेंगाळते की सॉफ्टवेअर तिला बाद धरू शकतं. २०२० साली एका मोठ्या कंपनीच्या खास नॅससाठी (म्हणजे अशाच साठवणीच्या सर्व्हरसाठी) विकल्या जाणाऱ्या काही डिस्कही याच प्रकारच्या निघाल्या. बोभाटा झाल्यावर कोणतं मॉडेल कोणत्या प्रकारचं याच्या याद्या कंपन्यांनी जाहीर केल्या. काउंटरवर तुमच्या डिस्कचा मॉडेल नंबर त्याच यादीत लावून दाखवला होता. तेव्हाच म्हटलं होतं की संचात नकोत, पण फेकूही नका: एक कॅमेऱ्यांना लावा, दुसरीवर फोटोंचा बॅकअप घेऊन ती नातेवाइकाकडे ठेवा. (चार डिस्कचा संच म्हणजे बॅकअप नव्हे. चुकून फोल्डर उडवलं तर ते चारही डिस्कवरून एका क्षणात उडतं.)

ही पाचवी डिस्क लावून बाकीच्या चार झोपल्या की मीटरवर २० ते २२ वॉट दिसतील. त्यासाठी सॉफ्टवेअरचे लॉग, म्हणजे ते सतत लिहीत असलेल्या नोंदी, एसएसडीवर हलवावे लागतील, नाहीतर दर थोड्या वेळाने डिस्क उठत राहतील. झोपायची वेळ मात्र पाच मिनिटं ठेवू नका, तासभर ठेवा. डिस्क झोपताना-उठताना तिचं हेड, म्हणजे डेटा वाचणारं-लिहिणारं टोक, किती वेळा उचलायचं-ठेवायचं याला मर्यादा असते, माहितीपत्रकात साधारण तीन ते सहा लाख छापलेली असते.

अडाप्टरबद्दल मात्र मी हट्टी आहे. साडेतीन इंची डिस्क थांबलेली असताना फिरायला सुरुवात करते तेव्हा काही सेकंद १२ व्होल्टवर दोन अँपियरपर्यंत ओढते. चार डिस्क म्हणजे आठ. १२ व्होल्ट, ६० वॉटचा अडाप्टर देतो पाच. दुकानात एकेक डिस्क जोडून दाखवली तर सगळं छान चालतं. मग एखाद्या गुरुवारी महावितरणची दुरुस्ती निघते, यूपीएस संपतो, आणि लाइट आली की चारही डिस्क एकदम उठतात. व्होल्टेज खाली बसतं, एखादी डिस्क दिसतच नाही आणि सॉफ्टवेअर लाल अक्षरांत संच मोडल्याचं सांगतं. अशी मशीन दुरुस्तीला येतात. उघडली की बऱ्याचदा आत एक वायर चार करणारा तो दीडशे रुपयांचा मोल्डेड कनेक्टर असतो, पिना प्लास्टिकमध्ये ओतून बसवलेला, मुळाशी तपकिरी झालेला. आम्ही तो लावत नाही. तुमच्या मशीनमधल्या सगळ्या डिस्कना एसएमपीएसच्या स्वतःच्या वायरी आहेत, पाचवीसाठीही एक मोकळी आहे. इतक्या कमी लोडवर एसएमपीएस थोडी वीज वाया घालवतो, हे खरं. ते दोन-तीन वॉट मी आनंदाने घालवीन.

११२ एमबी म्हणजे एक गिगाबिटची लाइन पूर्ण भरून वाहतेय. मशीनवर अडीच गिगाबिटचं पोर्ट आहे, तुमच्या राउटरवर नाही. राउटर बदलल्याशिवाय मशीनमध्ये काहीही बदललं तरी हा आकडा हलणार नाही.

राहिला जुना पीसी. तो घरात पडून असेल तर खुशाल वापरा, हे मी गिऱ्हाइकांनाही सांगतो. डिस्क सोडून तो एन१०० पेक्षा समजा पंधरा वॉट जास्त खाईल, म्हणजे वर्षाला १३० युनिट. युनिटमागे दहा रुपये धरले तर तेराशे. एवढ्यासाठी नवीन मशीन घेणं हिशोबात बसत नाही. पण तुम्हाला ते हॉलमध्ये टीव्हीखाली, आवाज न करता हवं होतं आणि डिस्क चार लावायच्या होत्या. ऑफिसमधून निघणाऱ्या बुटक्या पीसीत साडेतीन इंची डिस्क बसते एक, फार तर दोन.

टीव्हीखालच्या त्या कपाटाचं दार मात्र उघडं ठेवा, निदान एप्रिल-मे तरी. फोटोत ते बंद दिसतंय.

मशीन आणि दोन्ही जुन्या डिस्क घेऊन या. कॅमेऱ्यांची डिस्क वेगळी करून, लॉग हलवून तासाभरात देतो, त्याचे पैसे नाहीत. एसएमपीएस काढून अडाप्टर मात्र लावून देणार नाही. तोच हवा असेल तर दुसरीकडून लावून घ्या, फक्त मग डिस्कच्या तक्रारीसाठी आमचं बिल घेऊन येऊ नका.