नागपूरच्या सदर भागातलं ऑल सेंट्स कॅथेड्रल हिस्लॉप यांनी बांधलेलं नाही

नागपूरच्या बऱ्याच ग्रुपवर एक फॉरवर्ड फिरतोय: 'सदरचं ऑल सेंट्स कॅथेड्रल रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप यांनी उभारलं.' हे चूक आहे.

हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आले, ते स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी म्हणून. हा प्रेस्बिटेरियन पंथ. त्यात बिशपच (धर्मप्रांताचा प्रमुख) नसतो. ऑल सेंट्स मात्र चर्च ऑफ इंग्लंडचं, म्हणजे अँग्लिकन. कॅथेड्रल हा मान इमारतीच्या आकारावर मिळत नाही. बिशपचं आसन जिथे, तेच कॅथेड्रल. नागपूरचे पहिले अँग्लिकन बिशप आयर चॅटर्टन १९०३ मध्ये झाले. हिस्लॉप तर १८६३ मध्येच ओढ्याच्या पुरात बुडून गेले होते.

गोंधळाचं मूळ बहुधा १९७० मध्ये आहे. २९ नोव्हेंबरला नागपुरातच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली आणि अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन यांच्यासह सहा चर्च-संघटना एकत्र आल्या. संस्था आज एक आहे म्हणून दोन्ही वारसे आधीपासून एकच होते, असं होत नाही. हिस्लॉप यांचं काम शाळांचं, भूगर्भशास्त्राचं, गोंड समाजाच्या अभ्यासाचं; ते एवढं मोठं आहे की त्यांना न बांधलेल्या इमारतीचं श्रेय द्यायची गरजच नाही.

दुसरं, सदरमध्येच सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथेड्रल आहे. ते रोमन कॅथलिक. दोन्हींचे फोटो सर्रास एकमेकांच्या नावावर खपतात. फॉरवर्ड करण्याआधी फाटकावरची पाटी वाचा.