‘कोणतीही काच एका फटक्यात’: त्या व्हायरल हातोडीबद्दल

पाऊस सुरू झाला की मराठवाड्यातल्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड हमखास फिरायला लागतो. लाल-काळ्या दांड्याच्या हातोडीने गाडीची काच फोडणाऱ्या माणसाचा फोटो आणि खाली मजकूर: हे एकच यंत्र गाडीत ठेवा, जीव वाचेल. कोणतीही काच एका फटक्यात फुटते. बुडत्या गाडीतूनही बाहेर काढतं. सीट बेल्ट लोण्यासारखा कापतं. टॉर्च, सायरन, पॉवर बँक, चुंबक, लाल दिवा सगळं त्यातच. एकदा चार्ज केलं की वर्षभर बघायला नको. लाल दिवा असल्यावर बंद गाडीमागे ठेवायच्या इशाऱ्याच्या त्रिकोणाचीही गरज नाही. आणि यंत्र नसेल तर सीटचं हेडरेस्ट उपसा, कंपनीने ते काच फोडायलाच निघतं ठेवलंय. माझ्या मेहुण्याने हे पाठवून विचारलं, “दाजी, दोन घेऊन टाकू का?” त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर.

आधी काच, कारण सगळ्यात मोठी थाप तिथेच आहे. गाडीत दोन जातींच्या काचा असतात. दारांना बहुधा टफन काच असते. ती तापवून झटकन थंड केलेली असते, त्यामुळे तिच्या पृष्ठभागावर दाब आणि पोटात ताण कोंडलेला राहतो. कठीण टोकाने एका जागी छेद दिला की सगळी काच बारीक चौकोनी खड्यांत कोसळते. समोरची काच लॅमिनेटेड: दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पारदर्शक थर. तिच्यावर कितीही हाणा, कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे जातील, पण भोक पडून माणूस बाहेर येणार नाही. आवाज आत येऊ नये म्हणून हीच काच आता काही महागड्या गाड्यांच्या दारांनाही येते. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संस्थेने २०१९ साली अशी सहा साधनं तपासली, तीन हातोडीची आणि तीन स्प्रिंगची, म्हणजे काचेवर दाबलं की आतली स्प्रिंग टोक हाणते अशी. टफन काच चारच साधनांनी फोडली. लॅमिनेटेड काच एकानेही नाही. तिकडच्या २०१८ सालच्या मॉडेलांपैकी साधारण तीनातल्या एकाला बाजूच्या काचा लॅमिनेटेड होत्या, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा यंत्राची ऑर्डर द्यायच्या आधी आपल्या गाडीच्या प्रत्येक काचेचा खालचा कोपरा बघा. टफन की लॅमिनेटेड, ते तिथे इवल्याशा अक्षरांत कोरलेलं असतं.

त्यात आपल्याकडचं ऊन. फिल्म लावलेल्या गाड्या कमी नाहीत. अशी टफन काच फुटते खरी, पण चुरा फिल्मला चिकटून उभाच राहतो. तो कोपराने किंवा पायाने बाहेर ढकलावा लागतो. आणि फटका मारायचा तो काचेच्या कोपऱ्याजवळ. फोटोतला माणूस मात्र मधोमध मारतोय.

दुकानातून आणलेलं असं एक यंत्र मी स्क्रू काढून उघडलं. दांडा आतून पोकळ, त्यात एक बॅटरी, चिमूटभर वायर आणि एक छोटी सर्किटची पट्टी. पोलादी टोक प्लास्टिकच्या खोबणीत नुसतं दाबून बसवलेलं, अंगठ्याने हलत होतं. हातोडीचं काम वजनावर चालतं, आणि इथे वजन होतं ते मुठीकडे, बॅटरीचं. सात कामं एका दांड्यात कोंबली की जे मुख्य काम, त्याचाच बळी जातो.

बुडत्या गाडीचा दावा त्याहून धोक्याचा, कारण त्यामुळे माणूस नको त्या गोष्टीत वेळ घालवतो. कॅनडातल्या मॅनिटोबा विद्यापीठातले प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी गाड्या प्रत्यक्ष पाण्यात सोडून यावर काम केलं आहे. गाडी साधारण अर्धा ते दोन मिनिटं तरंगते. तेवढ्यात बेल्ट सोडा, काच खाली करा, लहान मुलांना आधी बाहेर काढा, मग स्वतः निघा. दार उघडायचं नाही. पाणी आत घुसून गाडी लगेच खाली जाते. बटणाची काच सुरुवातीला चालते, पण बाहेरचं पाणी काचेवर चढलं की दाबाने ती चौकटीत घट्ट बसते. तेव्हाच फोडण्याची वेळ येते. पाण्याखाली तर हातोडी फिरवताच येत नाही, पाणीच हात धरतं. स्प्रिंगच्या साधनाला हात फिरवावा लागत नाही, म्हणून तिथे ते सरस. ‘गाडी भरू द्या, मग दार आपोआप उघडेल’ असा सल्लाही फिरतो. तोवर श्वास पुरायचा कुणाचा?

आणि आपल्याकडचं पाणी म्हणजे पुलावरून वाहणारं पाणी, नाहीतर रस्त्याकडेची बिनकठड्याची विहीर. फूटभर वाहतं पाणी लहान गाडी उचलतं, दोन फूट पाणी बहुतेक गाड्या ओढून नेतं. जुलै २०२४ मध्ये पंढरपूरहून परतणाऱ्या वारकऱ्यांची जीप जालना-राजूर रस्त्यालगतच्या विहिरीत गेली, सात जण गेले. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यात आलेगावला शेतमजूर बायांचा ट्रॅक्टर विहिरीत पडला, सात जणी गेल्या. त्या ट्रॉलीला फोडायला काचच नव्हती. कठडा बांधायचा खर्च कुणी करायचा, यावर एखादं फॉरवर्ड आलं तर मी आनंदाने पुढे पाठवीन.

बेल्टचं म्हणाल तर आधी लाल बटण दाबा. बक्कल झटक्यानंतरही सुटावं असंच बनवलेलं असतं. अडकलंच, तर बेल्ट ताणून धरून तिरका कापावा लागतो. सैल बेल्ट यंत्राच्या खाचेत दुमडतो आणि पातं तिथेच रुततं. गाडी उलटी असेल तर एक हात छताला टेकवा, नाहीतर बेल्ट सुटताच माणूस मानेवर पडतो. पण खरी गंमत पुढे आहे. बेल्ट कापायचं यंत्र मागवणाऱ्या कित्येकांच्या गाडीत बेल्टच्या खाचेत बीप बंद करणारी खोटी क्लिप खोचलेली असते! मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन विक्री कंपन्यांना अशा क्लिपा काढायला लावल्या, तेव्हा १३,११८ जाहिराती उतरल्या होत्या.

वर्षभर चार्जिंग? परभणी-नांदेडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या आत तापमान साठ अंशांपुढे जातं. बहुतेक लिथियम बॅटऱ्या ४५ अंशांपेक्षा जास्त तापमानात चार्ज करू नका असं बनवणारेच सांगतात. डॅशबोर्डवर उन्हात पडलेली पॉवर बँक ही सुरक्षा नव्हे.

त्रिकोण नको म्हणणाऱ्याने ऊसतोडीच्या दिवसांत रात्री बीड-केज रस्त्याने एकदा जावं. लाल दिव्याला चार्जिंग लागतं. त्रिकोण मागच्या ट्रकच्याच उजेडात चमकतो. शिवाय तो गाडीच्या निदान पन्नास मीटर मागे ठेवता येतो, तर चुंबकाचा दिवा गाडीलाच चिकटून बसणार. नव्या गाडीबरोबर त्रिकोण मिळतो, डिकीत स्टेपनीपाशी बघा.

हेडरेस्ट मागून धडक बसल्यावर मानेला हिसका बसू नये म्हणून असतं. निघतं ते उंची जुळवायला आणि कव्हर घालायला. त्याचा दांडा काचेच्या फटीत खोचून ओढला तर टफन काच फुटू शकते, हे खरं. पण उलट्या गाडीत, घाबरलेल्या अवस्थेत, तो खटका दाबून हेडरेस्ट उपसणं भल्याभल्यांना जमत नाही.

घ्यायचंच तर फक्त दोन कामं करणारं घ्या: स्प्रिंगचं टोक आणि पातं. ग्लोव्ह बॉक्समध्ये नको, बेल्ट लावलेल्या ड्रायव्हरचा हात तिथे पोचतोच असं नाही; डॅशबोर्डवर सुटंही नको, धडकेत ते तोंडावर येतं. बसल्या जागेवरून हाताला लागेल असं बांधून ठेवा, आणि मागच्या सीटलाही एक. घेतल्यावर भंगारवाल्याकडे मोडीतल्या गाडीचं काच शाबूत असलेलं दार शोधा, डोळ्यांना चष्मा आणि हातात मोजे घाला, आणि खालच्या कोपऱ्यात दाबून बघा. नाही फुटली तर परत करायची मुदत संपायच्या आत कळेल.