ओढा ‘साफ’ करायला जाऊ नका, हात जोडते

गेल्या रविवारी सकाळी उठले तर सासरे घरात नाहीत. चहाचा कप सिंकमध्ये, माझे बागकामाचे ग्लोव्ह्ज गायब. शोधत मागच्या ओढ्यापर्यंत गेले तर बाबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून त्या बर्फगार पाण्यात उभे आणि आल्डरची एक भलीमोठी फांदी ओढून काढतायत. मला बघून खूश. “अगं, ग्रुपवर आलंय ना, माशांना वाट करून द्यायची!”

तर हा तो ग्रुप. आम्ही सिएटलच्या पूर्वेला राहतो, इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲपवर दोन आठवड्यांपासून एक फॉरवर्ड फिरतोय, “सॅल्मनचं खरं सत्य, जरूर वाचा”. (खरं सत्य. म्हणजे खोटं सत्य वेगळं मिळत असणार.) तीन जणांनी टाकलाय, त्यातले दोघं चांगले शिकले-सवरलेले इंजिनियर. थोडक्यात म्हणणं असं: सॅल्मन (समुद्रात वाढून अंडी घालायला नदी-ओढ्यात परत येणारे मासे) काही कमी झालेले नाहीत, दुकानं भरलीयत. हॅचरीत, म्हणजे माशांची पिल्लं वाढवायच्या केंद्रात, हवे तेवढे तयार होतात. अंडी घालून मरतातच, मग वाचवायचं काय. क्लॅमथ नदीवरचं धरण फोडलं आणि 8 लाख मासे मेले, ते लपवलं. झाडं लावणारे स्वयंसेवक म्हणजे वीकेंडची पिकनिक. आणि शेवटी आवाहन, खरंच मदत करायची असेल तर घराजवळच्या ओढ्यातली पडलेली झाडं-फांद्या काढून पात्र मोकळं करा.

क्रमाने जात नाही, शेवटच्यापासूनच सुरू करते कारण बाकीचं नुसतं चुकीचं आहे आणि हे नुकसान करणारं आहे.

बाबा पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेत, सांगलीला. ओढा दिसला की गाळ काढायचा, काडीकचरा काढायचा, नाहीतर पावसाळ्यात पाणी गावात शिरतं, हे त्यांच्या हाडात आहे आणि तिथे ते बरोबरही असेल. पण सॅल्मनच्या ओढ्यात पडलेलं झाड म्हणजे कचरा नाही, ते घर आहे. ओंडक्याला पाणी अडतं, उडी मारतं, खाली डोह तयार होतो, मागे गोटे साठतात. कोहो जातीची पिल्लं अंड्यातून निघाल्यावर साधारण वर्षभर ओढ्यातच राहतात, समुद्रात जायच्या आधी, आणि हिवाळ्यातल्या पुरात ती वाहून जात नाहीत कारण अशा लाकडांच्या आडोशाला संथ पाणी मिळतं. ते काढलंत की ओढ्याचं गटार होतं. सरळ, वेगवान, रिकामं.

आता अर्धसत्य कबूल करते, कारण नाहीतर कोणीतरी म्हणेलच. पूर्वी इथली सरकारी खातीसुद्धा हेच करायची. 1950 ते 70 च्या दशकांत वॉशिंग्टन-ऑरेगनमध्ये ओढ्यांतली लाकडं मुद्दाम काढली, लाकूडतोड कंपन्यांना काढायला लावली, समज तोच की माशांची वाट अडते. नंतर कळलं की डोहच गेले. आता तेच ओंडके पैसे खर्चून परत टाकतात, काही ठिकाणी तर हेलिकॉप्टरने. म्हणजे फॉरवर्ड लिहिणारा पन्नास वर्षं जुनं पुस्तक वाचून आलाय.

आणि दुसरं, बाबा उभे कुठे होते? सॅल्मनची मादी आडवी होऊन शेपटीने गोटे उडवते, खड्डा करते, अंडी घालते, वरून परत गोटे ढकलते. याला इथे रेड म्हणतात. ताजी रेड ओळखायला अगदी सोपी, आजूबाजूचे सगळे दगड शेवाळाने काळपट आणि तेवढा एक पट्टा घासलेल्या भांड्यासारखा उजळ. बाबांचा डावा पाय त्या पट्ट्यापासून दोन हातांवर होता. एक मादी दोन-पाच हजार अंडी घालते, ती हिवाळाभर त्या गोट्यांखाली असतात, आणि एका माणसाच्या चार पावलांत किती चिरडली जातील ते मोजायची माझी इच्छा नाही. शिवाय वॉशिंग्टन राज्यात ओढ्याच्या पात्रात काम करायचं, लाकूड काढणं धरून, तर फिश अँड वाइल्डलाइफ खात्याची लेखी परवानगी लागते. व्हिजिटर व्हिसावर आलेल्या पंच्याहत्तरीच्या माणसाला हे कोण सांगणार, तो फॉरवर्ड पाठवणारा?

बरं, धरण. क्लॅमथ इथली नाही, ऑरेगनमधून कॅलिफोर्नियात जाणारी नदी. एक धरण नाही, चार होती. एक 2023 मध्ये काढलं, उरलेली तीन 2024 च्या शरदापर्यंत. 8 लाख मासे मेले का? हो, मेले. 2024 च्या फेब्रुवारीअखेर हॅचरीतून सोडलेली चिनूक जातीच्या सॅल्मनची सुमारे 8 लाख 30 हजार पिल्लं. पण कशाने मेली ते फॉरवर्डने शिताफीने गाळलंय. ती आयर्न गेट धरणाच्या तळच्या जुन्या बोगद्यातून गेली आणि तिथल्या पाण्याच्या दाबातल्या फरकाने त्यांच्या अंगात वायूचे बुडबुडे झाले. ते धरण तोपर्यंत उभंच होतं! धरणाच्या वरच्या बाजूला सोडणं ही खात्याची चूक, घोडचूक म्हणा हवं तर, पण लपवलं कुठे, कॅलिफोर्नियाच्या मत्स्य खात्याने स्वतःच जाहीर केलं. आणि धरणं असताना काय होत होतं तेही सांगा ना. 2002 च्या सप्टेंबरमध्ये त्याच नदीच्या खालच्या भागात कमी आणि गरम पाण्यात रोग पसरून किमान 34 हजार मोठे मासे मेले, अंडी घालायला निघालेले. काठावरच्या युरोक या मूलनिवासी जमातीच्या लोकांनी ते सडताना बघितले. तिथून पुढे वीस वर्षं युरोक, कारुक आणि बाकीच्या जमाती भांडल्या, धरणांची मालक कंपनी तेव्हा स्कॉटलंडची होती तर थेट स्कॉटलंडला जाऊन निदर्शनं केली. लोकसहभाग म्हणजे फक्त टी-शर्ट घालून रोपं लावणं असं ज्यांना वाटतं त्यांनी हे वाचावं.

यावर बाबांचा प्रश्न अपेक्षितच होता. “मग शेतीचं पाणी?” बाबा, त्या चार धरणांतून शेतीला पाणी जातच नव्हतं, ती विजेची होती, आणि वीजही कंपनीच्या एकूण विजेच्या दोनेक टक्के. धरणं गेल्यावर त्याच ऑक्टोबरमध्ये चिनूक वर ऑरेगनमध्ये पोचले, 1912 नंतर पहिल्यांदा. कोणी उचलून नाही नेले, आपले आपण गेले. ज्यांनी पहिल्या पावसात चढणीचे मासे बघितलेत त्यांना हे जास्त समजावायला नको, वाट मोकळी झाली की मासा चढतोच. पण वाट अडवतं ते धरण आणि रस्त्याखालची चुकीची बांधलेली मोरी. पडलेलं झाड नाही.

वॉशिंग्टनमधल्या एल्व्हा नदीचं पण तेच, तिथली दोन धरणं 2011 ते 2014 मध्ये काढली आणि 2023 मध्ये लोअर एल्व्हा क्लालम जमातीने आपल्याच नदीत परत थोडी कोहोची मासेमारी केली. शंभर वर्षं अडलेली नदी. दहा-बारा वर्षं थांबावं लागलं, फॉरवर्डसारखं दोन सेकंदांत होत नाही.

हॅचरीचा मुद्दा. सिएटलजवळच्या इसाक्वाची हॅचरी 1936 ची, दर ऑक्टोबरला आपण सगळे पोरं घेऊन तिथे मासे बघायला जातो, मीही जाते, आणि हॅचऱ्या बंद करा असं माझं म्हणणं नाही. जमातींचे करारातले मासेमारीचे हक्क आज बऱ्याच ठिकाणी हॅचरीच्या माशांवरच चालतात. पण “हवे तेवढे तयार होतात” हे चूक. 2007 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ऑरेगनच्या हूड नदीवरचा अभ्यास आला होता, स्टीलहेडवरचा, ही सॅल्मनचीच जवळची जात. बंदिस्त वाढलेल्या प्रत्येक पिढीमागे निसर्गात पिल्लं देण्याची क्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटते. टाकीत आयतं खाऊन वाढलेला मासा टाकीतच शहाणा, एवढंच. आणि एवढ्या हॅचऱ्या असूनही प्युजेट साउंडचा (ही सिएटलजवळची समुद्राची खाडी) चिनूक 1999 पासून संकटग्रस्त यादीत आहे, ते का?

“मरतातच”. हो, पॅसिफिकचे सॅल्मन अंडी घालून मरतात. अंडी *घालून*. सिएटलच्या ओढ्यांत कोहो अंडी घालायच्या आधीच मरत होते, पोटात अंडी तशीच. तिथल्या लाँगफेलो क्रीक या ओढ्यावर स्वयंसेवक दर शरदात मेलेले मासे शोधतात, पोट कापून आत अंडी आहेत का बघतात, नोंद करतात (पिकनिक!). कारण सापडलं 2020 मध्ये, गाड्यांच्या टायरमधलं एक रसायन हवेतल्या ओझोनशी मिळून विष बनतं आणि पावसाबरोबर ओढ्यात येतं. कोहो काही तासांत मरतो. तेच पाणी माती-कंपोस्टच्या थरातून गाळलं तर मासे जगतात, हेही इथेच दाखवून झालंय. म्हणून रस्त्याकडेला ते पावसाचे बगीचे करतात, शोभेला नाही.

उरलेलं पटकन. दुकानातला अटलांटिक सॅल्मन जवळपास सगळा पाळीव, त्यावरून नदीची तब्येत बघणं म्हणजे पोल्ट्री बघून जंगलात रानकोंबड्या भरपूर आहेत म्हणणं. आणि “सॅल्मन म्हणजे आपला रावसच” ही फॉरवर्डमध्ये मध्येच घुसवलेली ओळ, अहो रावसला इंग्रजीत इंडियन सॅल्मन म्हणतात फक्त, नातं काही नाही.

पिकनिकबद्दल थोडं मान्य. काही कंपन्यांचे लोक येतात, फोटो काढतात, अर्ध्या तासात जातात. गेल्या वर्षी आम्ही लावलेली सीडरची रोपं निम्मी हरणांनी खाल्ली, हेही खरं. उरलेली उभी आहेत, आणि सावली नसेल तर उन्हाळ्यात पाणी तापतं. 2015 मध्ये कोलंबिया नदीत गरम पाण्यानेच सॉकाय जातीचे अडीच लाखांवर सॅल्मन मेले.

बाबांनी फांदी परत पाण्यात टाकली. थोडे रुसले, मग म्हणाले, मी करू तरी काय इथे सहा महिने. म्हटलं शनिवारी ब्लॅकबेरी तोडायला चला, काठावर माजलीय, दुसरं काही उगवू देत नाही. नाव हिमालयन ब्लॅकबेरी. ही मुळात आर्मेनियाकडची, हिमालयाशी संबंध नाही हे सांगितलं तर त्यांना पटेना, “नाव उगाच देतात का?” रावसचं उदाहरण दिलं. ग्लोव्ह्ज अजून त्यांच्याकडेच आहेत.