हाऊ चारा कोना ढोरेसकरता शे?

आज दुपारी दोनच्या सुमारास, डोळे उघडवत नाहीत अशा उन्हात, आमच्या कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये पाच हजार लिटरचा टँकर उभा होता आणि त्याचा पाइप गेल्या आठवड्यात अंथरलेल्या लॉनवर सोडून दिलेला होता. याच कॉलनीत नळाला आठव्या दिवशी पाणी येते. त्या रात्री घराघरांतले दिवे जळत असतात, कोणी पिंप भरत असते, कोणी मोटर लावून टाकी चढवत असते, आणि सकाळी उशिरा उठलेल्या घराला पुढचे आठ दिवस शेजाऱ्यांकडे हात पसरावा लागतो. अशा ठिकाणी गवतासाठी टँकर विकत घेण्याचा ठराव बैठकीत टाळ्या वाजवून मंजूर होतो, याची मला मनापासून चीड आली आहे आणि ती मी लपवणार नाही.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटर जमिनीवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. आपल्याकडच्या मे महिन्यात लॉन हिरवे ठेवायचे तर दिवसाला सहा मिलिमीटर तरी धरावेच लागतात. म्हणजे हजार चौरस फुटांना रोज साडेपाचशे लिटर आणि आमच्या दहा हजार चौरस फुटांच्या ओपन स्पेसला रोज एक टँकर, तोही भरून वर थोडा कमीच पडणारा. शिवाय भर दुपारी दिलेल्या पाण्याचा काही भाग मुळांपर्यंत पोहोचण्याआधीच उडून जातो, हे शेतकऱ्यांच्या घरांत जन्मलेल्या आपल्या कमिटीतील माणसांना मी सांगावे का?

हे सांगण्याचा मला अधिकार आहे, कारण ही चूक मी स्वतः केलेली आहे. घर बांधले तेव्हा पुढच्या हजार चौरस फुटांत मी हौसेने मेक्सिकन लॉन लावले होते. एका उन्हाळ्यात सकाळी मी स्प्रिंकलर सुरू करून पायरीवर चहा घेत बसलो होतो. डोक्यावर पाटी घेऊन भाजी विकणाऱ्या एक म्हाताऱ्या माय फाटकाशी थांबल्या, पाणी मागितले, तांब्याभर प्यायल्या आणि उरलेल्या पाण्याने पदराचे टोक भिजवून डोक्याला लावले. मग गवतावर फिरणाऱ्या त्या पाण्याकडे बराच वेळ बघत त्यांनी विचारले, ‘‘भाऊ, हाऊ चारा कोना ढोरेसकरता शे?’’ त्या टोमणा मारत नव्हत्या. इतके पाणी ज्याला मिळते तो चारा नक्कीच कोणाच्या तरी दावणीला जात असेल, असे त्यांना खरोखरच वाटले होते. माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी ‘‘शोभेसाठी आहे, माय,’’ एवढेच म्हणालो आणि त्या मान हलवून पुढे गेल्या.

आमच्या धुळ्याकडच्या पांझरा नदीच्या काठच्या माणसांना हा प्रश्न पडावा यात नवल नाही. फडाची, म्हणजे शेतांचे गट पाडून त्यांना सामाईक पाणी देण्याची पद्धत याच नदीवर शतकानुशतके चालली. बंधाऱ्यातले पाणी उताराने पाटात, पाटातून फडात, पाटकरी ते वळवणार, आणि आधी पाणी किती आहे ते पाहून मग कोणत्या फडात काय पिकवायचे ते ठरणार. पाणी कमी असेल तर काही फड पडीक ठेवायचे, पण भांडण करायचे नाही. शेजारच्या जळगावात केळीच्या खोडाला ठिबकने मोजून पाणी देतात. आणि आपण शहरात येऊन आधी गवत अंथरतो, मग पाणी शोधत फिरतो.

त्या प्रश्नानंतर दुसऱ्या वर्षी एप्रिलमध्ये मी लॉन उखडले. कुदळीने थर काढले, जमीन भिजवली आणि तिच्यावर पारदर्शक प्लास्टिक अंथरून चारही कडा मातीने दाबून टाकल्या. सहा आठवडे आपल्या उन्हाने जे काम केले ते कोणत्याही तणनाशकाने करू नये आणि करण्याची गरजही नाही. लव्हाळा मात्र यानेही मरत नाही, त्याच्या गाठी खोल असतात, त्या हातानेच काढाव्या लागल्या. पहिल्या पावसात जलपिंपळीचे तुकडे फूट-फूट अंतरावर लावले. नर्सरीत तिला लिपिया म्हणतात, पण मी ती नदीकाठच्या ओलीतून आणली होती. तिच्या प्रत्येक पेराला मुळे फुटतात, त्यामुळे ती सरकत सरकत जमीन धरते, आणि पोळ्यापर्यंत माझी बहुतेक माती झाकली गेली होती. बोटाच्या पेराएवढे तिचे फुलांचे बोंडूक, मध्ये जांभळट आणि कडेने बारीक पांढऱ्या फुलांची माळ. वाकून पाहिले तरच दिसते. कुंपणाच्या कडेला, जिथे भिंत तापते, तिथे ऑफिस टाइम नावाचे फुलझाड लावले आहे.

आता उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा, पहाटे, पाचशे-सहाशे लिटर पाणी देतो. पूर्वी एवढे एका दिवसात जात होते. कापणीचे यंत्र विकून टाकले.

नर्सरीवाले तुम्हाला पिवळ्या फुलांचे वेडेलिया सुचवतील, कारण ते झपाट्याने पसरते. कृपया घेऊ नका. जगातील सर्वांत उपद्रवी अशा शंभर परक्या प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे, ते कुंपण ओलांडून नाल्यात उतरले की मग आवरत नाही.

मुलांना खेळायला लॉनच बरे, हे मला मान्य करावे लागेल, जलपिंपळीवर रोज क्रिकेट खेळता येत नाही. फुलांवर मधमाश्या असतात, अनवाणी चालताना जपावे लागते, हेही खरे. मे महिन्यात तिची पाने कडेने पोळतात आणि पहिल्या वर्षी दर आठवड्याला बसून तण उपटावे लागते. पण खेळासाठी एक कोपरा मातीचाच ठेवता येतो. आपण सगळे मातीतच खेळलो आहोत.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला आहे. कमिटीतली माणसे वाईट नाहीत. त्यांनाही कॉलनीत हिरवे काही असावे असेच वाटते, मलाही तेच वाटले होते. मला कोणी रागावून सांगितले असते तर मीही ऐकले नसते. फाटकाशी उभ्या राहिलेल्या एका तहानलेल्या बाईने साधे विचारले, म्हणून ते आत गेले.

त्या माय मागच्या पावसाळ्यात पुन्हा आल्या होत्या. अंगणाकडे पाहून काही बोलल्या नाहीत. पाटी खाली ठेवली, फाटक उघडून आत आल्या, वेलीच्या मध्येच आपोआप उगवलेली घोळ त्यांना दिसली होती. मी ती तण समजून उपटणार होतो. ‘‘फेकू नका भाऊ, हाई भाजी शे,’’ असे म्हणत त्यांनी मूठभर खुडली, अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि अर्धी पाटीत टाकली. त्या रात्री आमच्याकडे घोळीची भाजी झाली.

रविवारी सकाळी दहा वाजता कॉलनीची बैठक आहे. टँकर बंद करावा आणि पाऊस सुरू झाल्यावर ओपन स्पेसच्या निम्म्या भागात तरी जलपिंपळी लावून पाहावी, असे मी तिथे मांडणार आहे. खणणे आणि पहिल्या वर्षाचे तण काढणे माझ्याकडे. रोपांचा खर्च शून्य आहे, माझ्या अंगणातल्या वेलीचे तुकडे दोन गोण्या भरतील एवढे निघतात. ज्यांना स्वतःच्या घरासाठी हवे असतील त्यांनी मृगाचा पाऊस पडला की सकाळी लवकर यावे, ऊन चढल्यावर काढलेले तुकडे कोमेजतात.