‘पलंगावरून खुर्चीत बसवायला अर्धा तास?’ या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. रविवारी आमच्या शुश्रूषा केंद्रात वडिलांना भेटायला आलात तेव्हा तुम्हाला ताटकळावं लागलं, त्याबद्दल क्षमस्व. पण ‘अर्धा तास लावला, दोन माणसं लागली, वर गुराला बांधावा तसा कमरेला पट्टा’ हे मात्र फार लागलं.

अर्ध्या तासातला निम्मा वेळ डायपर आणि कपडे बदलण्यात गेला. उरलेल्याचं सांगते. दिवसभर आडवं असलेल्या माणसाला झटकन उभं केलं की बीपी उतरतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. म्हणून मावशी आधी कुशीवर वळवतात, पाय खाली सोडून काठावर बसवतात, गरगरतंय का विचारतात आणि थांबतात. मग व्हीलचेअर लकवा नसलेल्या, चांगल्या बाजूला तिरकी लावायची, ब्रेक लावायचे, फुटरेस्ट वर करायचे, तेव्हा कुठे ‘एक, दोन, तीन’. पट्टा कपड्यांवरून असतो, धरायला. तो नसला की हात जातो बगलेत. लकव्याच्या बाजूचा खांदा आधीच सैल असतो, ओढलं तर निखळू शकतो.

तुम्ही ‘सरका, मीच उचलतो’ म्हणून दोन्ही हातांना धरून ओढायला लागलात, तेव्हा आमचे मदतनीस मामा मध्ये पडले. त्याला तुम्ही उद्धटपणा म्हणता! वडिलांच्या दंडावरच्या काळ्यानिळ्या डागाबद्दल इथे वाद घालत नाही. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असली की नुसतं घट्ट धरलं तरी डाग उमटतो, एवढंच सांगते.

दोन माणसांचे जादा पैसे लावलेले नाहीत, बिल कृपया पुन्हा बघावं. अमेरिकेतल्या नायॉश या सरकारी संस्थेने पेशंट हलवताना एकाने 35 पौंड, म्हणजे साधारण 16 किलोच्या वर भार घेऊ नये असं सांगितलंय. वडिलांचं वजन तुम्हाला माहीत आहे. मावश्यांच्या कमरा गेल्या तर उद्या वडिलांना उठवणार कोण?

यायच्या आधी फोन केलात तर तयार करून ठेवू. फोन लागत नाही, ही तक्रार रास्त आहे, त्याचं काहीतरी करतो. पेशंटला उचलायच्या लिफ्ट मशीनचंही बघणं चालू आहे.

तुमचा रिव्ह्यू वाचून एका कुटुंबाने ठरलेली ॲडमिशन रद्द केली, म्हणून एवढं लिहिलं. जमलं तर स्टारचं तेवढं बघा.

– संचालिका